तुमच्या सिम्युलेशनमधला केऑस खरा आहे की टाइम-स्टेपने तयार केलाय, हे कसं ओळखायचं

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस जवळ आले की ऐरोली, कोपरखैरणे, खारघर, इकडे ठाण्यात वर्तकनगर, कुठून ना कुठून मेसेज येतोच, की दादा, माझ्या पेंड्युलममध्ये केऑस दिसतोय, रिपोर्टमध्ये टाकू का. सोबत ग्राफ असतो, आणि ग्राफ खरंच केऑससारखाच दिसतो, वेडावाकडा, परत न येणारा, सुरुवातीचा कोन जरासा बदलला की पुढचं सगळं बदलतं. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, डीटी (म्हणजे टाइम-स्टेप, हिशोब एका उडीत जेवढा वेळ पुढे सरकतो तेवढा) किती घेतलास आणि तो अर्धा करून बघितलास का. बहुतेक वेळा उत्तर असतं की नाही, डीटी ट्युटोरियलमध्ये होता तोच ठेवलाय. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण कोड चुकलेला नसतो, फॉर्म्युला बरोबर असतो, तरी जो केऑस दिसतो तो निसर्गात नसतो, तो फक्त तुमच्या स्टेपमध्ये असतो.

पायथन वगैरे नंतर, आधी एक्सेल उघडा. पावसाचा एक थेंब घ्या, साधारण १ मिलिमीटर व्यासाचा. असा थेंब हवेतून पडताना शेवटी सेकंदाला साधारण ४ मीटर वेगावर स्थिर होतो, मोठा ५ मिलिमीटरचा थेंब ९ मीटरच्या आसपास जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला (थेंबासाठी हे रफ आहे, पण आपल्या कामाला पुरतं) तर समीकरण एवढंच: वेग बदलण्याचा दर = ९.८ वजा ०.६१२५ गुणिले वेगाचा वर्ग. ०.६१२५ कुठून आलं, तर ९.८ भागिले ४ चा वर्ग. आता पहिल्या सेलमध्ये वेग ० टाका, आणि खालच्या सेलमध्ये लिहा: जुना वेग अधिक डीटी गुणिले तो दर. खाली ड्रॅग करा. झालं, ही साधी ऑयलर पद्धत.

डीटी ०.०५ ठेवा, वेग छान चढत जाऊन ४ वर बसतो, आणि खरं उत्तरसुद्धा तसंच आहे, एका सेकंदात थेंब ३.९४ पर्यंत पोचलेला असतो. आता डीटी ०.५७ करा. आकडे असे येतात: ०, ५.५९, ०.२८, ५.८४, −०.४७, ५.०४, १.७७, ६.२६, −१.८४, आणि असंच पुढे, कधीच जमत नाही. पावसाचा थेंब मधूनच सेकंदाला जवळजवळ दोन मीटरने वर चढतोय! सुरुवातीचा वेग ० ऐवजी ०.००१ ठेवून शेजारच्या कॉलममध्ये तेच करा, थोड्या ओळींनंतर दोन कॉलम एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणजे केऑसची जी परीक्षा पुस्तकात असते ती पास झाली.

आणि इथेच थांबून विचार करायचा, कारण या समीकरणात एकच बदलती गोष्ट आहे, वेग, आणि दर फक्त त्या वेगावर अवलंबून आहे. असं समीकरण साधं हेलकावेसुद्धा घेऊ शकत नाही, केऑस तर लांबच. दर शून्य होतो तिथे पोचलं की थांबलं, ती जागा ओलांडून पलीकडे जायला वाटच नाही. पण स्टेप घेणारा कोड ती जागा उडी मारून ओलांडतो, पलीकडे गेला की दर उलटा होतो, मग परत उडी, आणि उडी पुरेशी मोठी असली की दर वेळी वेगळ्याच ठिकाणी पडतो.

या उदाहरणात सगळे उंबरठे हिशोबाने काढता येतात, कारण थोडी बीजगणिताची उलटापालट केली की हा एक्सेलचा कॉलम म्हणजे प्रसिद्ध लॉजिस्टिक मॅपच निघतो (मॅप म्हणजे आताच्या आकड्यावरून पुढचा आकडा काढायचा नियम), त्यातला आर, म्हणजे वागणं कसं असेल ते ठरवणारा आकडा = १ + ४.९ गुणिले डीटी. म्हणून डीटी ०.४०८ पर्यंत सगळं ४ वर बसतं, त्याच्या पुढे दोन आकड्यांमध्ये झुलायला लागतं, ०.५ ला चार आकडे होतात, ०.५२४ च्या पुढे केऑस, आणि ०.६१२ ओलांडलं की आकडे थोड्या स्टेप्समध्ये उणे अनंताकडे पळतात. मजा म्हणजे मध्येच ०.५७८ टाकून बघा, तिथे केऑस गायब होऊन तीनच आकडे फिरत राहतात. एवढी श्रीमंत रचना, आणि यातलं पावसाचं काहीच नाही, सगळं डीटीचं. एडवर्ड लोरेंझ, ज्यांच्या १९६३ च्या पेपरपासून केऑसचा आधुनिक अभ्यास धरतात, त्यांनीच १९८९ मध्ये नेमक्या या गोष्टीवर पेपर लिहिला, नाव होतं कम्प्युटेशनल केऑस, आणि म्हणणं हे की स्टेप वाढवत नेली की गणित फुटण्याच्या आधी बऱ्याचदा असा केऑसचा पट्टा लागतो. हे लक्षात ठेवा, कारण फुटलेलं सिम्युलेशन सगळ्यांना कळतं, स्क्रीनवर नॅन (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) येतं, पण त्याच्या अलीकडचा पट्टा अगदी खरा वाटतो.

किती खरा वाटतो ते सांगतो. त्याच शीटमध्ये डीटी ०.५७ ठेवून मोठा, ९ मीटरवाला थेंब टाका. तो शांतपणे ९ वर जाऊन बसतो, कारण त्याची मर्यादा ०.९१८ आहे. म्हणजे एकाच शीटमध्ये मोठे थेंब शहाणे आणि छोटे थेंब पिसाळलेले. यावरून कोणीही प्रामाणिक विद्यार्थी लिहील की लहान थेंब हलके, त्यांना हवेचा झोत जास्त हलवतो, म्हणून त्यांची गती केऑटिक. वाचणारा मान डोलावेल, घोडबंदर रोडवर पावसात उभं राहिलेल्या कोणालाही ते पटेल. आणि शीटमध्ये हवेचा झोत कुठेही नाहीये. खोट्या केऑसची मला सगळ्यात भीती वाटते ती यासाठी, तो भौतिकशास्त्राची गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट सुसंगत असते.

आता पेंड्युलम, कारण बहुतेकांचं प्रोजेक्ट तेच असतं. १ मीटर लांब, घर्षण नाही, बाहेरून ढकलणं नाही. लहान झोक्याचा काळ साधारण २ सेकंद. इथे दोन बदलत्या गोष्टी, कोन आणि कोनीय वेग, आणि बाहेरचा धक्का नसेल तर दोन गोष्टींच्या सलग गतीत केऑस होऊच शकत नाही, प्वांकारे-बेंडिक्सन प्रमेय तेच सांगतं. केऑससाठी सलग गतीत किमान तीन लागतात. पण स्टेपने चालणाऱ्या हिशोबाला हे प्रमेय लागू होत नाही, त्याला एक बदलती गोष्टही पुरते, थेंबाच्या वेळी बघितलंच. म्हणून पहिला चेक कागदावरचा: तुमच्या सिस्टीममध्ये बदलत्या गोष्टी किती ते मोजा. बाहेरचा ठेका देणारा धक्का असेल तर तो एक धरा. दोन किंवा कमी निघाल्या आणि स्क्रीनवर केऑस दिसतोय तर पुढे तपासायचीसुद्धा गरज नाही, तो खोटाच. (भूतकाळातल्या स्थितीवर चालणारी समीकरणं, म्हणजे डिले असलेली, यात धरू नका, त्यांचा हिशोब वेगळा.)

साध्या ऑयलरने पेंड्युलम चालवला तर काय होतं बघा. लहान झोक्यात दर स्टेपला ऊर्जा १ अधिक ९.८१ गुणिले डीटीचा वर्ग एवढ्या पटीने वाढते. डीटी ०.०१ घेतला तरी सात सेकंदात ऊर्जा दुप्पट. १० अंशावरून हळूच सोडलेला पेंड्युलम मिनिट-दीड मिनिटात डोक्यावरून गरगर फिरायला लागतो, आणि झोका ते गरगर या बदलाच्या जागी दिशा कधी इकडे कधी तिकडे जाते, ते बघून लोक केऑस म्हणतात. हा पकडायला सोपा, ऊर्जेचा ग्राफ काढा, सरळ वर जाताना दिसेल.

मग कोणीतरी सांगतं की अरे, सिम्प्लेक्टिक वापर. म्हणजे आधी वेग अपडेट करायचा आणि नवा वेग वापरून कोन अपडेट करायचा, कोडमध्ये दोन ओळींची अदलाबदल, बस्स. सल्ला चांगलाच आहे, ऊर्जा पळत नाही, सरासरीभोवती थोडी हलत राहते. पण इथे एक गोष्ट आहे जी मला फार सुंदर वाटते आणि जी पोरांना सहसा कोणी सांगत नाही. या पद्धतीने चालवलेला पेंड्युलम म्हणजे शब्दशः चिरिकोव्हचा स्टँडर्ड मॅप आहे, तोच जो केऑसच्या प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. त्यातला के नावाचा आकडा, ज्याच्यावर केऑस किती हे ठरतं, तो आपल्याकडे = (गुरुत्वाचा जी, म्हणजे ९.८१, भागिले लांबी) गुणिले डीटीचा वर्ग. म्हणजे खऱ्या पेंड्युलममध्ये के शून्य, आणि तुम्ही डीटी निवडता तेव्हा नकळत के निवडता. लीपफ्रॉग किंवा व्हर्ले या तशाच पद्धती वापरल्या तरी आत तोच मॅप असतो, फक्त अर्ध्या स्टेपचा फरक.

या मॅपसाठी भौतिकशास्त्रज्ञ ग्रीन यांनी १९७९ मध्ये काढलेला उंबरठा आहे के = ०.९७१६ च्या आसपास. त्याच्या खाली केऑसचे पट्टे असतात पण एकमेकांपासून अडवलेले, त्याच्या वर शेवटची भिंत पडते आणि वेग हळूहळू कुठेही भटकू शकतो. आपल्या १ मीटरच्या पेंड्युलमसाठी तो डीटी येतो ०.३१५ सेकंद. हे करून बघा: डीटी ०.४, म्हणजे एका झोक्याला पाचच स्टेप्स. एकदा १० अंशावरून सोडा, एकदा १७० वरून. १० वाला अगदी शिस्तीत झुलेल, कारण ही पद्धत लहान झोक्यासाठी जवळपास ०.६४ सेकंदापर्यंत टिकते. १७० वाला खरा स्टँडर्ड-मॅप केऑस देईल, कधी झुलणं, कधी फिरणं, काही पॅटर्न नाही. तर कोड लहान कोनावर टेस्ट केला, पुस्तकातला काळ जुळला, म्हणून डीटी बरोबर आहे असं धरून चालू नका. जिथे पेंड्युलम जवळजवळ उभा राहून विचार करतो की इकडे पडू की तिकडे, तिथेच टेस्ट करा, खोटा केऑस सगळ्यात आधी तिथे उगवतो. डीटी ०.२५ ला त्या जागेभोवती बारीक धुरकट पट्टा दिसतो, ०.१ ला तो इतका पातळ होतो की ग्राफवर दिसतच नाही, कारण डीटी कमी केला की हा पट्टा एक्स्पोनेन्शियली आवळतो.

आणि यातून निघणारी दुसरी सूचना: ऊर्जा टिकून आहे एवढ्यावरून केऑस खरा ठरवू नका. झुलणं आणि फिरणं यांच्या सीमेवर सिम्प्लेक्टिक पद्धतीत ऊर्जा छान बांधलेली दिसते आणि केऑस तरीही खोटा असतो. ऊर्जेचा ग्राफ वाईट आला तर सिम्युलेशन नापास, पण चांगला आला तर फक्त पुढच्या पेपरला बसायची परवानगी.

तो पुढचा पेपर म्हणजे डीटी अर्धा करणं. एकदा नाही, सलग निदान तीनदा, ०.०४, ०.०२, ०.०१, ०.००५ असं, आणि प्रत्येक वेळी बाकी काहीही बदलायचं नाही. ग्राफ एकावर एक ठेवा. खोटा केऑस असेल तर तो डीटीसोबत आकसतो, ज्या कोनापासून सुरू होत होता तो कोन सरकतो, नाहीतर पूर्णच नाहीसा होतो. मग पद्धत बदला, सिम्प्लेक्टिकवरून चौथ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा (एका स्टेपमध्ये चार वेळा दर काढून सरासरी घेणारी पद्धत), तोच डीटी. दोन पद्धतींच्या चुका वेगळ्या जातीच्या असतात, रुंगे-कुट्टा झोक्यातून ऊर्जा किंचित खाते (डीटी ०.०१ ला स्टेपमागे हजार कोटीत एक भागही नाही), म्हणून दोघांनाही तोच केऑस दिसला तर वजन वाढतं. फक्त बॅकवर्ड ऑयलरसारखी (स्टेपच्या शेवटचा दर वापरणारी) पद्धत साक्षीदार म्हणून आणू नका, ती सगळं शांत करते, खरा केऑससुद्धा झोपवून टाकते, आणि मग उलटी चूक होते.

लियापुनोव्ह एक्स्पोनंट, म्हणजे दोन जवळच्या सुरुवातींमधलं अंतर किती वेगाने एक्स्पोनेन्शियली वाढतं तो आकडा, काढत असाल तर एक खाच आहे. दोन जवळच्या सुरुवाती घ्यायच्या, ०.०००००००१ अंतरावर, आणि अंतर कसं वाढतं ते बघायचं, मोठं झालं की परत लहान करून दिशा तीच ठेवून पुढे चालवायचं. पण शहाण्या पेंड्युलममध्येही अंतर वाढतंच, कारण मोठ्या झोक्याचा काळ थोडा जास्त असतो, दोघं हळूहळू मागेपुढे होतात. ती वाढ वेळेच्या प्रमाणात असते, एक्स्पोनेन्शियल नसते. थोडा वेळच चालवलं तर एक्स्पोनंट पॉझिटिव्ह येतो आणि माणूस खूश होतो. म्हणून वेळ दुप्पट, चौपट करत न्या. आकडा शून्याकडे घसरत राहिला तर केऑस नाही, एका जागी थांबला तर आहे. आणि थांबलेला आकडा डीटी अर्धा केल्यावरही तिथेच थांबला पाहिजे, हे दोन्ही झाल्याशिवाय रिपोर्टमध्ये लिहू नका.

डीटी मुळात किती घ्यायचा? सिस्टीममधली सगळ्यात वेगवान हालचाल शोधा, तिच्या एका फेऱ्याला निदान २० स्टेप्स, जमलं तर ५०. सगळ्यात वेगवान, सगळ्यात महत्त्वाची नव्हे. पेंड्युलमची दोरी तुम्ही कडक स्प्रिंग म्हणून मॉडेल केली असेल तर झोका दोन सेकंदांचा असला तरी डीटी स्प्रिंग ठरवणार. गेम इंजिनमध्ये डीटी फ्रेमवर सोडू नका, लॅपटॉप तापला की फ्रेम मंदावते, डीटी बदलतो, आणि तोच झोका दर वेळी वेगळा जातो. फिजिक्सचा डीटी पक्का ठेवा आणि चित्र काढणं त्याच्यापासून वेगळं करा. चेंडू जमिनीवर आपटत असेल तर आपटण्याचा नेमका क्षण शोधून तिथेच स्टेप तोडा, नाहीतर चेंडू दर वेळी जमिनीत थोडा वेगवेगळा घुसतो आणि उसळीची उंची उगाच भटकते.

हे फक्त शिकणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. ग्रहांच्या कक्षा कोट्यवधी वर्षं पुढे चालवायला विस्डम आणि होलमन यांनी १९९१ मध्ये दिलेली पद्धत आजही वापरतात, आणि तिच्यातही स्टेपचा ठेका ग्रहाच्या फेऱ्याच्या ठेक्याशी जुळला की खोटे रेझोनन्स तयार होतात. १९९९ मध्ये राऊख आणि होलमन यांनी दाखवलं की कक्षा फार लांबट असेल आणि सूर्याजवळचं वळण स्टेपमध्ये नीट पकडलं जात नसेल तर ही पद्धत स्वतःच केऑस तयार करते. अवघड भाग हा की सूर्यमालेत खरा केऑस आहेच, लास्करनी १९८९ मध्ये आतल्या ग्रहांसाठी साधारण ५० लाख वर्षांचा लियापुनोव्ह काळ (इतक्या काळात छोटा फरक साधारण २.७ पट होतो) काढला होता. म्हणजे खरा आणि खोटा एकाच ग्राफमध्ये मिसळू शकतात, आणि बुधासारख्या जलद, लांबट कक्षेसाठी स्टेप निवडताना हे सगळं बघावं लागतं.

आता उरला तो प्रोजेक्ट, जिथे ‘केऑस खरा आहे का’ याचं उत्तर खरंच हो असतं, डबल पेंड्युलम, म्हणजे एका पेंड्युलमच्या टोकाला लटकवलेला दुसरा. तिथे पोरं माझं ऐकून डीटी अर्धा करतात आणि घाबरून परत मेसेज करतात, की दादा, ग्राफ जुळतच नाहीत, म्हणजे माझा केऑस खोटा का. नाही, इथे न जुळणंच अपेक्षित आहे, फक्त कधीपर्यंत जुळतात ते मोजायचं. समजा तुमचा लियापुनोव्ह एक्स्पोनंट सेकंदाला ३ आलाय. चौथ्या ऑर्डरच्या रुंगे-कुट्टामध्ये डीटी अर्धा केला की चूक सोळाव्या हिश्श्यावर येते, आणि १६ चा नॅचरल लॉग २.७७, भागिले ३, म्हणजे दर अर्धं करण्यामागे ग्राफ साधारण ०.९ सेकंद जास्त जुळायला हवेत. परत अर्धा, परत ०.९. ही ठरावीक पावलाने होणारी वाढ खऱ्या केऑसची खूण आहे. ती कायम चालत नाही, कॉम्प्युटरचे डबल प्रिसिजनचे सोळा अंक संपले की, म्हणजे या उदाहरणात साधारण १२ सेकंदांच्या पुढे, डीटी कितीही बारीक करा, काही फरक पडणार नाही. तेव्हा १२ सेकंदांनंतरचा अमुक क्षणाचा कोन रिपोर्टमध्ये लिहू नका. त्याऐवजी एक्स्पोनंट लिहा, वरचा दांडा मिनिटाला सरासरी किती वेळा उलटतो ते लिहा, कोनांचा हिस्टोग्राम द्या, या गोष्टी डीटी बदलला तरी जुळतात. आणि प्रत्येक ग्राफच्या खाली पद्धत आणि डीटी, दोन्ही टाका, म्हणजे व्हायव्हामध्ये कोणी विचारलं की अर्धा केल्यावर काय झालं, तर शेजारचा ग्राफ दाखवता येईल.